बेबाबाईची फुंकर

पाचोऱ्यात आमच्या गल्लीतलं बाळ कुणाचंही असो, न्हाऊ घालायला यायची ती बेबाबाई. मारवाड्यांच्या घरी तीच, आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या घरी तीच. न्हाणीत पाय लांब करून बसायची, बाळाला नडग्यांवर पालथं घालायची आणि तेल चोळताना त्याच्याशी भांडायची. "रडस काय रे, बापना घरनं तेल शे, मना घरनं नही."

न्हाणं झालं, ओव्याची धुरी झाली, की शेवटी तिची फुंकर. आधी दोन्ही कानांत, मग नाकावर, मग बेंबीवर. तोंडानं मुक्ताईचं नाव. फुंकर दिली नाही तर न्हाणं अर्धं राहिलं, असं आमच्याकडे मानत. माझ्या सासूबाई म्हणायच्या, बेबाच्या श्वासात बळ आहे. बेबाबाईलाही ते खरं वाटायचं. नवरा गेल्यापासून तिच्यापाशी दुसरं होतं काय?

एकाहत्तरच्या थंडीत माझा पितांबर सव्वा महिन्याचा होता. बेबाबाई नाक ओढत आली. सासूबाईंनी विचारलं, "सर्दी गं?"

"थंडी शे ना अक्का. मोठं माणूसनी सर्दी, पोरले काय करस?"

तिनं रोजच्यासारखी फुंकर दिली. आमच्या मनातही काही आलं नाही.

चार-पाच दिवसांनी पितांबर शिंकू लागला. मग दूध तोंडातून सोडायला लागला आणि त्याच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाऊ लागल्या. सासूबाई म्हणाल्या, हाफसा भरला, धाप लागली, पोटावर बिब्ब्याचा डाग देऊ. माझ्या यजमानांनी ऐकलं नाही. आम्ही सकाळच्या गाडीनं जळगावच्या दवाखान्यात गेलो.

बाळाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. दुसऱ्या दिवशी बेबाबाई मुक्ताईचा अंगारा घेऊन आली. त्याच वेळी डॉक्टर आम्हाला सांगत होते.

"याच्यावर औषध नाही. फार बारीक जंतू असतो, विषाणू म्हणतात. बाळाला श्वास पुरवायचा आणि वाट बघायची."

"आमच्याच बाळाला कसा झाला?" मी विचारलं.

"तुमच्याच कसा? साऱ्या जगात हाच आहे. दोन वर्षांचं होईपर्यंत बहुतेक पोरांना एकदा तरी होऊन जातो. बहुतेक उठतात. पण इतक्या लहानांतली थोडी जातात, आणि जगभरची ती थोडी मिळून फार होतात. मोठ्यांना तोच जंतू नुसती सर्दी देतो. घरात कुणाला होती?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"माले व्हती," दाराशी उभी असलेली बेबाबाई म्हणाली.

डॉक्टर रागावले नाहीत. "तुमच्यामुळंच झालं असं कुणी सांगू शकत नाही, बाई. थंडीत हा घरोघर फिरतो. पण सर्दी असताना बाळापाशी जाऊ नका." तिनं अंगाऱ्याची पुडी उंबऱ्यावर ठेवली आणि आत न येता गेली.

पितांबर वाचला. मी मुक्ताईला जाऊन आले. त्यानंतर गल्लीतल्या मारवाडी जैन दलिचंद शेठच्या घरी पणतू झाला आणि त्यांच्या बायकोनं, धापूबाईंनी, बेबाबाईला बोलावलं. ती गेली ती नाकातोंडावर पदर घट्ट बांधून, आणि फुंकर न देता उठली.

"हे काय गं? आमच्या स्थानकातली साध्वी झालीस का?" धापूबाई म्हणाल्या.

"तुमन्या साध्वी तोंडले मुहपत्ती बांधीसन हवामधला जीव जपतस. मी पायवरना जीव जपस."

"फुंकर दे आणि मग बोल."

तिनं दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरी दुसरी बाई न्हाऊ घालायला आली. मग हळूहळू गल्लीतली आणखी घरं सुटली. बायका म्हणायच्या, बेबाच्या श्वासातलं बळ सरलं. मी ते तिच्यासमोर कधी बोलले नाही, पण तिला ठाऊक होतं.

पुढच्या पौषात तिची लेक प्रमिला बाळंतपणाला आली. मुलगी झाली. बेबाबाईला एवढी एकच नात. मी डिंकाचे लाडू घेऊन गेले, तर ही बाहेर ओट्यावर गोधडी पांघरून बसलेली. नाक लाल.

"आत जा ना, बेबाबाई. बाळाला पाहिलंत का?"

"दूरथून देखी. सर्दी जाऊ दे, मी आठे ओटावरच बसस."

आत प्रमिला कशीबशी बाळाला न्हाऊ घालत होती, आणि ही बाहेरून सांगत होती, मान धर, कान पूस, रडू दे तिला.

सर्दी पुरती गेली तेव्हा तिनं मला बोलावणं पाठवलं. हात साबणानं धुऊन, पदर बांधून ती न्हाणीत बसली आणि नातीला पायांवर घेतलं. तेल, पाणी, धुरी, सगळं झालं. मग सवयीनं तिचं तोंड बाळाच्या कानाकडे झुकलं. प्रमिला म्हणाली, "दे ना माय. आते तर सर्दी नही तुले."

बेबाबाई तशीच वाकलेली थांबली. मग पदराआडूनच मुक्ताईचं नाव घेतलं, बाळाच्या कानामागून कोरडं फडकं फिरवलं आणि पोर माझ्याकडे दिली.

"गुंडाळ हिले," ती म्हणाली. "न्हानं व्हयनं."