पकडीचे सर

राठोड सर माणसाच्या तोंडाकडे आधी कधी बघत नसत. आधी पायांकडे. राळेगावच्या कॉलेजात मी पहिल्यांदा कबड्डीच्या निवडीला गेले, तेव्हा नवा ट्रॅकसूट घातला होता, वेणी घट्ट बांधली होती. त्यातलं काहीही या माणसाच्या नजरेस पडलं नाही. मला चार पावलं चालायला लावलं आणि म्हणाले, "डावा पाय पक्का हाये तुहा. डाव्या कोपऱ्यात उभी राह्य." नाव त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं.

एसटी स्टँडवरही त्यांचं हेच चालायचं. समोरून येणारा माणूस कुठे वळणार, हे ते त्याच्या टाचेवरून सांगत आणि बहुतेक वेळा बरोबर सांगत. एकदा एका कंडक्टरच्या पायांकडे इतका वेळ बघत बसले, की त्या बिचाऱ्याने दोनदा बूट झटकून पाहिले. आम्ही पोरी हसून हसून बेजार.

सर मुकुटबनकडच्या एका बंजारा तांड्यावरचे. तरुणपणी नावाजलेले कोपरारक्षक होते. गुडघा गेला आणि त्यासोबत पोलीस भरतीही. आमच्या कॉलेजात खेळाचे मुख्य सर वेगळे होते, ते चढाई शिकवत. राठोड सर फक्त पकडीपुरते, मानधनावर. दर वर्षी नवी ऑर्डर निघायची, आणि ती निघेपर्यंत सर तांड्यावर शेतात. बायको-मुलं तिकडे, हे इकडे भाड्याच्या खोलीत हाताने भाकरी थापत.

पेपरात फोटो यायचा तो चढाई करणारीचा. आम्ही कोपऱ्यातल्या पोरी फुगून बसायचो. सर म्हणायचे, "चढाईवाली एकटी जाते, एकटी येते. पकड साऱ्याजणींची असते." तरी आमचं तोंड सरळ झालं नाही तर म्हणत, "फोटो पाहिजे तं लग्नात काढा." खूश असले की आम्हाला 'पोट्टे' म्हणायचे. रागावले की 'याडी'. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई, त्यामुळे त्यांच्या रागाची भीती अशी वाटायचीच नाही.

एकाच गोष्टीत मात्र त्यांच्याशी गंमत चालत नसे. चढाईवालीचा ओझरता हात किंवा पाय लागला, तर कुणी विचारायच्या आत हात वर करून बाहेर जायचं. "पंचाले नाही दिसलं तं काय झालं? तुले तं लागलं नं?" एकदा सरावात सुनीताने लागलेलं लपवलं. सर रागावले नाहीत, शिट्टी खिशात घालून निघून गेले. दोन दिवस मैदानावर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या त्यांच्या खोलीवर गेलो. सुनीता दारातूनच पुटपुटली, "सर, लागलं होतं." सरांनी परातीतलं पीठ पुढे ओढलं आणि तिच्यासाठी एक भाकरी जास्तीची टाकली. विषय संपला.

माझ्या शेवटच्या वर्षी मुख्य सर निवृत्त होणार होते. संस्थेचे अध्यक्ष मैदानावर येऊन सगळ्यांसमोर बोलून गेले, की यंदा करंडक आणला तर राठोडांना कायम करून घेऊ. त्या संध्याकाळी सरांनी तांड्यावर फोन केला. मैदानालगतच्या खोलीत मी कपडे बदलत होते, भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. बायकोला सांगत होते, की जमलं तर पुढल्या वर्षी सगळे इकडेच राहू. इतकी वर्षं हा माणूस घरापासून लांब राहिला, त्याचं आम्हा पोरींना कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

अंतिम सामना यवतमाळला झाला. शेवटची चढाई समोरच्या संघाची होती आणि आम्ही एका गुणाने पुढे होतो. त्यांची पोरगी माझ्या कोपऱ्यात आली, पाय लांबवला, परत फिरली. तिच्या पायाच्या बोटाचं नख माझ्या घोट्याला निसटतं लागलं. तिलाही कळलं नाही. पंचांनी गुण दिला नाही. आमच्या पोरी नाचायला लागल्या.

मी सरांकडे पाहिलं. पायांवरून ज्यांची नजर कधी हलत नसे, त्यांना हे दिसलं नसेल असं होणंच शक्य नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. स्वतःच्या बुटांकडे बघत उभे राहिले.

मी हात वर केला.

बरोबरी झाली. मग पाच-पाच चढायांत आम्ही हरलो. परतीच्या एसटीत सरांनी सगळ्यांना गरम भजी खाऊ घातली, माझ्या हातावर दोन जास्तीची ठेवली, आणि राळेगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. कायमची ऑर्डर दुसऱ्याच कुणाची निघाली. सरांची मानधनाचीही निघाली नाही. ते तांड्यावर गेले ते गेलेच. तिथे सोयाबीन निघालं की रिकाम्या वावरात तांड्यावरच्या पोरींना पकड शिकवतात, फुकट.

मी आता ढाणकीच्या शाळेत खेळ शिकवते. दर वर्षी नव्या पोरींना ही गोष्ट सांगते: सरांनी कसं शिकवलं, मी हात कसा वर केला, सरांची नोकरी कशी गेली. बुटांचं तेवढं गाळत असे. माझ्यामुळे ज्याचं घर एका जागी आलं नाही, त्या माणसाची मान मी पोरींसमोर खाली कशी घालू?

गेल्या हिवाळ्यात मीच त्यांना शाळेत बोलावलं. माझी गोष्ट चालू असताना ते मागे उभे होते, लंगडत पुढे आले.

"अर्धंच सांगितलं तुमच्या मॅडमनं," ते पोरींना म्हणाले. "लागलं ते मीनंबी पाह्यलं होतं. अन मान खाली घातली. मले नोकरी पाहिजे होती."

मग लगेच त्यांनी पोरींना मैदानात उभं करून साखळी धरायला लावली आणि तासभर घाम काढला.

त्यांना सोडायला मी स्टँडवर गेले. बस लागल्यावर ते म्हणाले, "माही बाजू कायले झाकतं, पोट्टे? सरबी चुकते, हे कळू दे त्यायले. नाहीतं चुकल्यावर कोनापाशी जातीन त्या?"

मला रडू आलं. ते त्यांनी पाहिलं की नाही, माहीत नाही. बस सुटली होती.

तेव्हापासून मी ही गोष्ट पूर्ण सांगते. इथेही पूर्णच लिहिली.