जिभेखालचे दाणे

डुकरांच्या फार्मवर सगळे त्याला चेष्टेने वैद्यबुवा म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. डुक्कर कापायला न्यायच्या आधी दोघांनी ते आडवं दाबून धरायचं, जबड्यात दांडकं घालायचं आणि वैद्यबुवांनी फडक्याने जीभ ओढून तिच्याखाली अंगठा फिरवायचा. तांदळाएवढे दाणे लागले की मटण बाद. ते डुक्कर मारून पुरून टाका, असा मालकाचा हुकूम.

पुरायचं कामही त्याच्याकडेच. पण धडधाकट दिसणारं मटण मातीत घालणं त्याच्या जिवावर येई. मग मांडीचा एखादा तुकडा काढून शेडमागे जाळावर धरायचा आणि अर्धाकच्चा एकट्यानेच फस्त करायचा. "आपण दगडसुद्धा पचवू," असं तो छाती फुगवून सांगे. घरी मात्र त्यातलं बोटभरही नेलं नाही. लेकीवर त्याचा फार जीव. बायको सकाळी लवकर कामाला जाई, म्हणून लेकीचा शाळेचा डबा तोच करी.

एक दिवस जेवता जेवता लेक ताटावरच कोसळली. डोळे पांढरे, हातपाय ताठ. मग फिट पुन्हा पुन्हा येऊ लागल्या. मेंदूचा फोटो पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डुकराच्या जंताच्या गाठी आहेत मेंदूत. औषध देऊ, पण फिट कदाचित कायमच्याच राहतील."

"शक्यच नाही, बाई! दाण्यांचं मटण तिला मी कधी दाखवलंसुद्धा नाही."

"तिने खायची गरजच नाही. ते दाणे म्हणजे जंताची पिल्लं. ते मटण कच्चं खाणाऱ्याच्या पोटात जंत वाढतो. त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. हात नीट धुतले नाहीत, की ती दुसऱ्याच्या घासात जातात. घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मीच करते," बायको म्हणाली आणि हमसून रडू लागली. "माझ्याच हातून झालं का हो हे?"

त्याला गप्प बसता आलं असतं. पण तिचं रडणं ऐकवेना.

"तू नाहीस गं. डबा मी करतो. आणि ते मटण... मी खायचो. टाकवत नव्हतं."

बायकोने डोळे पुसले. लेकीचं पांघरूण नीट करू लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

खाटेवरच्या लेकीने तेवढ्यात डोळे उघडले. "बाबा, पाणी."

तो लगबगीने उठला, ग्लास भरला.

"ठेवा तो खाली," बायको म्हणाली. "मी देते."