तापीचे दोन थेंब

निंबोल्याची चारुलता बारा वर्षं बुऱ्हाणपूरच्या एका दवाखान्यात अपघात विभागात नर्स आहे. जखमी माणूस रक्त जाऊन मरतो, असं लोक धरून चालतात. कित्येक जण त्याआधीच जीभ मागे पडून, रक्त घशात साचून गुदमरतात, आणि भोवती पन्नास शहाणे उभे असतात. चारुलताला हे उशिरा कळलं. पंधरा वर्षांची असताना केळीच्या ट्रकने उडवलेल्या वडिलांच्या तोंडात थोरांच्या सांगण्यावरून तिनेच तापीचं पाणी घातलं होतं. ते ठसकले आणि गेले. गाव म्हणालं, लेकीच्या हातचं पाणी मिळालं, सोनं झालं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी त्या ठसक्याचा अर्थ समजला, तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही.

मागच्या माघात ती दुपारच्या ड्यूटीला निघाली, तर फाट्यावर ट्रॅक्टर उलटलेला. त्यावरून फेकला गेलेला गावातल्याच मालूबाईचा एकुलता सागर बेशुद्ध. कुणा भल्या माणसाने त्याच्या डोक्याखाली गमछ्याची घडी सरकवली होती. हनुवटी छातीला टेकली होती आणि घसा घरघरत होता. घोरतोय म्हणजे बरा आहे, असं लोक एकमेकांना सांगत होते. चारुलताने घडी अलगद काढायला लावली, मान हलू न देता दोन्ही हातांनी जबडा पुढे उचलून धरला, आणि ट्रॅक्टरवाल्या दत्तात्रयकडून तोंडातलं दिसेल तेवढं रक्त पुसून घेतलं. घरघर थांबली, छाती हलू लागली.

तेवढ्यात मालूबाई देवघरातली लोटी घेऊन धावत आली.

"पोरी, दोन थेंब टाकू दे वो. कोरड्या तोंडाचा चालला माझा सागर."

"मावशी, पाणी घातलं तर श्वास बंद होईल त्याचा. मी हात नाही काढणार."

लोक चिडले. बाप गेला तेव्हा हिनेच पाणी पाजलं आणि आता दुसऱ्याच्या लेकराला नाही म्हणते, असं कोणीतरी मागून बोललंच. ते तिला लागलं. अॅम्ब्युलन्स यायला पंचवीस मिनिटं लागली. बोटं बधिर झाली, पण तिने जबडा सोडला नाही.

सागर श्वास घेत दवाखान्यात पोचला. घशात नळी पडली. तीन दिवस मालूबाई लोटी घेऊन दाराबाहेर बसली, कारण आत तोंडातून काहीच द्यायचं नव्हतं. चौथ्या पहाटे तो मेंदूच्या माराने गेला. मग आईने पाणी घातलं. ते ओठावरून ओघळून उशीत गेलं.

तू आणलंस म्हणून तीन दिवस तरी लढता आलं, असं डॉक्टर म्हणाले. चारुलताला ते पटत होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

दहाव्यानंतर ती मालूबाईला भेटायला गेली. निंबोल्यात दारात आलेल्या वैऱ्यालाही आधी पाणी विचारतात. चारुलता अर्धा तास ओट्यावर बसली. तिला कोणी पाणी विचारलं नाही. मग दोनची ड्यूटी होती म्हणून ती उठली.