हत्तीनं हुंगलेलं पोलकं

आज ट्रंक उघडली आणि वाळ्याच्या वासासरशी आईचं चिटाचं पोलकं हाती आलं. त्यावरचे गुलाब एवढाले टपोरे, की मधमाश्यांनी आमच्या नजरबाद मोहल्ल्यातल्या घरात बिऱ्हाडच केलं होतं. खोटं नाही सांगत!

दसऱ्याच्या आधी एका सकाळी ते घालून आई दारात उभी राहिली, तेव्हा थोरली काकू कडाडली, "अय्यो, चाळिशी उलटली ना गं तुझी? असली फुलं लेकीला दे. गल्ली हसेल!"

"हसली तर आत्ताच्या आत्ता देते, अक्का," आई म्हणाली. ती लेक म्हणजे मी. गल्ली हसावी म्हणून मी चामुंडीला साकडं घातलं.

गल्ली जमलेलीच होती, कारण मिरवणुकीच्या तालमीला राजवाड्याचा हत्ती निघाला होता. तो डोंगर नेमका आमच्या दारी थबकला, सोंड लांबवून आईच्या खांद्यावरचे गुलाब हुंगू लागला. माहूत ओरडतोय, गल्ली टाळ्या पिटतेय! काकूनं तर असा आ वासला, की हत्ती आत मावला असता.

"त्याला पसंत आहे, अक्का," आई म्हणाली.

संध्याकाळी काकूनं हळूच विचारलं, "कापड उरलंय का गं?"

हत्ती फुलांना भुलला, असं मी जन्मभर सांगत आले. आज पोलकं उलगडलं, तर खांद्यावर, पदराखाली झाकला जाईल तिथं, केळ्याचा काळाकुट्ट डाग!

आता माझीही चाळिशी उलटलीय. शिवण उसवून पोलकं सैल केलंय. उद्या हत्ती तालमीला निघतोय, आणि मी केळ्यांचा अख्खा घड आणून ठेवलाय.