मळीच्या टँकरचं पाणी

दसरा झाला की आमच्या मिशनच्या शाळेत कबड्डीचे सामने भरतात आन् माजी विद्यार्थी म्हणून मला बोलावणं येतं. मी जातो. मांजरसुंब्याला उतरायचं, धाब्यावर चहा घ्यायचा, जीप भेटली तर जीप, न्हाई तर कुणाच्या तरी मोटारसायकलीवर मागं बसायचं. कंबर पार कामातून जाते, बायको दरवर्षी बोलते, तरी जातो.

सगळीकडं आता मॅट आल्यात, आमच्याकडं अजून मातीच हाय. सामन्याच्या आदल्या दिवशी मैदान भिजवायला साखर कारखान्याचा टँकर येतो. त्याच्या तोटीपाशी आमचा जुना कप्तान जाऊन उभा राहतो. केस पांढरे झालेत, गुडघे गेलेत, पण खांदे अजून असे की दारातून आडवं शिरावं लागतं. तो तोटी जराशी सोडतो, ओंजळभर पाणी तोंडात घेतो, घोळवतो, थुंकतो आन् म्हणतो, "फिकं हाय. वता." त्याशिवाय एक थेंब मैदानात पडत न्हाई. नवी पोरं खदाखदा हसतात. औंदा एकानं मला इचारलंच, की हे आजोबा येडे हायत का. मी म्हणलं, बस खाली, सांगतो. पोरगं बसलं आन् फसलं, कारण मला एकदा सुरू केलं की थांबता येत न्हाई.

शाळेच्या दारात नामवंत माजी विद्यार्थ्यांचा फलक हाय. सगळ्यात वर कारखान्याचे चेअरमन. मोठ्या जमीनदाराचं पोरगं, बोर्डिंग सुरू झालं तवाचा पहिला बोर्डर. मग दोन डॉक्टर, एक फौजदार, एक तहसीलदार. तहसीलदार माझ्या बाकावर बसायचा आन् माझं बघून गणितं लिहायचा, हे मी त्याच्या तोंडावर सांगतो. त्याच फलकावर कप्तानाचं नाव हाय, पुढं लिहिलंय, राज्य संघ. माझं न्हाई. मी एसटीत कंडक्टर होतो, आन् कंडक्टरचं नाव फलकावर कावून असावं? मला त्याचं काही वाटत न्हाई. थोडं वाटतं.

तर तो दुष्काळ. लागोपाठ दुसऱ्या साली पाऊस गेला होता. आमचे आई-बाप खडी फोडायच्या कामावर, न्हाई तर ऊस तोडायला पार लांब. घरी खायला न्हाई म्हणून पोरं बोर्डिंगात. शाळा ख्रिस्ती लोकांची, पोरं सगळी हिंदू शेतकऱ्यांची. कपाळाला बुक्का लावलेली पोरं सकाळच्या प्रार्थनेला हात जोडून उभी राहायची आन् फादरला त्याचं काही वाटत नसे. फादर वसईकडचे. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध, त्यामुळं आम्हाला त्यांचं बोलणं निम्मंच कळायचं. माणूस मात्र लई मोठ्या मनाचा, आन् कबड्डीचा नाद असा की प्रवचनातसुद्धा पकडीचे दाखले द्यायचे.

कबड्डीला माती मऊ लागते. त्या साली आमचं मैदान असं वाळलं होतं की एकदा पडलं की गुडघ्याची सालटी निघायची. भिजवायला पाणी कुठून आणणार? अंघोळीलाच माणशी अर्धी बादली, तीही एक दिवसाआड. मग फादरनं डोकं लढवलं. त्यांनी फक्कीनं मैदानावर चौकोन आखले आन् हुकूम काढला की अंघोळ मोरीत करायची न्हाई, ज्यानं त्यानं आपल्या चौकोनात उभं राहून करायची, बिनसाबणाची. झालं. घंटा झाली की आम्ही सगळे चड्ड्यांवर, हातात बादली घेऊन, मैदानात रांगेनं उभे. अंग बी धुतलं जायचं आन् माती बी भिजायची. रस्त्यानं जाणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. आम्हाला आधी लाज वाटली, मग मजा वाटायला लागली. मधल्या रेषेवरचा चौकोन मानाचा. तिथं कप्तान अंघोळ करायचा.

कप्तान दोनदा नापास झालेला, म्हणून वयानं थोराड. चढाईला गेला की कुणाला हाती लागत नसे. आई-बाप दरसाल कोयता घेऊन ऊस तोडायला जायचे. पण त्या उन्हाळ्यात त्याचे वडील वारले. आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. तोडणीची टोळी नेणारा मुकादम एकटं माणूस घेत न्हाई. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. दोन माणसं मिळून एक कोयता. आई एकटी पडली, म्हणून तिनं सांगावा धाडला की दसरा झाला की तुला न्यायला येते, आता तूच माझ्या जोडीला. एकदा टोळीबरोबर गेला की शाळाही गेली आन् खेळही गेला, हे त्यालाही कळत होतं आन् आम्हालाही. मी रात्री गोधडीत तोंड घालून रडलो होतो. आम्ही एका ताटात जेवायचो.

फादरनं चेअरमनला गाठलं. कारखाना नुकताच उभा राहिलेला, सहकाराचं नवं नवं वारं, आन् चेअरमनला कारखान्याचा कबड्डी संघ काढायचा होता. ते म्हणाले, दसऱ्याच्या कबड्डीचा अंतिम सामना माझ्या शाळेत हाय तर मी येतो, पोराला डोळ्यांनी बघतो. खेळला तर कारखान्यात घेतो. योग बघा कसा, सामना ज्या दिवशी, त्याच दिवशी संध्याकाळी मुकादमाचा ट्रक निघणार होता. म्हणजे सगळं त्या एका दिवसावर आलं.

चेअरमननं आपुलकीनं आदल्या दिवशी पाण्याचा टँकर पाठवला. एवढं पाणी आम्ही वर्षभरात एका जागी बघितलं नव्हतं. पोरं टँकरच्या मागं नाचत गेली. फादरनं सांगितलं, पिण्याचं आपलं आपल्याला पुरतंय, हे मैदानाला वता. सांजच्याला सगळं मैदान भिजलं, मातीचा वास सुटला, आन् त्या वासात आणखी काहीतरी गोडसर होतं. आम्हाला वाटलं, ओल्या मातीचा वास असाच असतो. एवढी भिजलेली माती बघितली कुणी होती?

सकाळी घंटा झाली, आम्ही बाहेर आलो आन् पायच उचलेना. मैदान काळं झालं होतं. मुंगळे. ह्या रेषेपासून त्या रेषेपर्यंत मुंगळे, मधून लाल मुंग्यांच्या ओळी. एक पोरगं धाडस करून आत गेलं आन् बोंबलत बाहेर आलं. मग बोर्डिंगच्या स्वयंपाकीणबाईनं चिमूटभर माती जिभेला लावली आन् कपाळावर हात मारला. टँकर मळीचा होता. साखर काढल्यावर जी काळी चिकट मळी उरते, ती त्यातून वाहायची. गेल्या हंगामातली मळी आतून वाळून बसली होती आन् पाण्याबरोबर सगळी आमच्या मैदानात उतरली होती.

तेवढ्यात आमच्याविरुद्ध खेळणारा तालुक्याचा संघ ट्रकमधून उतरला. त्यांचे मास्तर खाली बघून म्हणाले की असल्या जागेवर आमची पोरं खेळायची न्हाईत, सामना पुढल्या आठवड्यात तालुक्याला घ्या. मला असा राग आला की त्यांच्या धोतरात दोन मुंगळे सोडावेत. पुढल्या आठवड्यात आमचा कप्तान कुठल्या उसाच्या फडात असणार होता, देव जाणे. पंच भला माणूस. म्हणाला, दुपारपर्यंत मैदान झालं तर खेळू.

त्याच वेळी कप्तानाची आई आली. डोक्यावर बोचकं, बोचक्यातून कोयत्याची मूठ बाहेर. ती लिंबाखाली बसली, पोराकडं बघितलं आन् म्हणाली, चल, आवर. तो तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. फादर गेले आन् हात जोडून तिला म्हणाले की माई, दुपारपर्यंत थांबा. त्या पांढऱ्या झग्यातल्या माणसानं हात जोडले म्हणून बाई थांबली. न्हाई तर थांबली नसती.

मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात विसरणार न्हाई. फावडी आली, घमेली आली. वरची सगळी गोड माती खरवडून लांब नेऊन टाकली. मुंगळे पायांना लटकत होते, शिव्या तोंडात येत होत्या आन् फादर शेजारी म्हणून गिळत होतो. दुष्काळी कामात विहीर खणली होती, तिच्या काठावरची माती चाळून आणली आन् पसरली. मुंगळे परत येऊ नयेत म्हणून कडेनं चुलीची राख टाकली. मैदान झालं, पण कोरडं. पुढं काय? कुणी कुणाला सांगितलं न्हाई. पोरं आपापल्या बादल्या घेऊन आली. आज अंघोळीचा दिवस होता, प्रत्येकाची अर्धी बादली होती. तालुक्याचा संघ बघतोय, पंच बघतोय, आन् आम्ही सगळे चड्ड्यांवर आपापल्या चौकोनात अंघोळ करतोय. शेवटी फादरनं झगा गुडघ्यापर्यंत खोचला, आपली अर्धी बादली आणली आन् मधल्या रेषेवर उभं राहून डोक्यावर वतून घेतली.

नेमकी तवाच चेअरमनची जीप आली. ते खाली उतरले आन् ओल्याचिंब फादरकडं बघतच राहिले. फादरनं सगळं सांगितलं. चेअरमनचं तोंड लाल झालं, टँकरवाल्याला बोलवा म्हणून ओरडले. फादरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "त्याला रागवू नका. ह्या दुष्काळात टँकर धुवायला पाणी कुणी घालवलं असतं? तुम्ही घालवलं असतं?" चेअरमननी चपला काढल्या आन् बाजूला जाऊन खाली मातीतच बसले, बोर्डर बसतात तसे.

सामना अटीतटीचा झाला. मी डाव्या कोपऱ्यात होतो आन् दोन पकडी केल्या. हे कुणी सांगत न्हाई म्हणून मीच सांगतो. शेवटी गुण बरोबरीत आले आन् कप्तान शेवटच्या चढाईला गेला. एकाला हात लावून वळला आन् दोघांनी त्याच्या मांड्या धरल्या, तिसरा पाठीवर पडला. लिंबाखाली त्याची आई उठून उभी राहिली. तिला खेळ ठाऊक नव्हता. आपल्या पोराला सगळे मिळून मारताहेत एवढंच तिला दिसत होतं. ती मैदानाकडं निघाली, स्वयंपाकीणबाईनं कंबरेला मिठी मारून तिला धरलं. इकडं कप्तानानं तोंडातला दम सोडला न्हाई. त्या तिघांना ओढत, ओल्या मातीत कोपरं रोवत तो सरकत राहिला. जिथं त्याची अंघोळ व्हायची, तिथं त्याची बोटं रेषेवर पडली. शिट्टी झाली. मग मला काही दिसलं न्हाई, कारण सगळी पोरं माझ्या अंगावर होती.

चेअरमन उठले आन् सरळ लिंबाखाली गेले. कप्तानाच्या आईला म्हणाले, "बाई, पोराला माझ्या कारखान्यावर पाठवा."

ती म्हणाली, "कारखान्यावरच तर चाललोय की, साहेब. आजच."

तिला कारखाना म्हणजे फड, पाचट आन् थंडीत झोपायची पाचटाची कोप. दुसरा कारखाना तिनं बघितलाच नव्हता. मग फादरनं तिला समजावलं. पोरगं गेटच्या आत काम करील, पगार मिळंल, संघात खेळंल, मॅट्रिकला बसंल. तिनं सगळं ऐकून घेतलं आन् एकच इचारलं, की मग मोळी कोण बांधणार, एकट्या बाईला मुकादम घेत न्हाई. खरंच होतं ते. पोरगं सुटलं तर आई अडकत होती. फादरनं स्वयंपाकीणबाईकडं बघितलं. ती म्हणाली, एवढ्या पोरांच्या भाकरी थापून माझे हात मोडलेत, जोडीला बाई द्या म्हणून कधीची सांगतेय. अशी कप्तानाची आई आमच्या चुलीपाशी बसली आन् पुढं कितीतरी वर्षं तिच्या हातच्या भाकरीवर बोर्डिंग वाढलं. त्या फलकावरचे डॉक्टर आन् फौजदार बी तिच्याच भाकरीचे. कप्तानाला कारखान्यात पहिलं काम काय मिळालं असेल? टँकर धुवायचं. त्यानं ते मनापासून केलं.

पण ते पुढचं. त्या दिवशी ऊन उतरायला लागलं तसा रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला. ट्रक माणसांनी, शेळ्यांनी, भांड्यांनी गच्च भरलेला. मुकादमाचा माणूस फाटकापाशी येऊन हाका मारायला लागला. चेअरमन म्हणाले, मुकादमाचं मी बघतो. पण बाईनं त्यांना थांबवलं आन् स्वतः फाटकापर्यंत चालत गेली.

"सांग त्यास्नी," ती म्हणाली, "औंदा आमचा कोयता न्हाई."

ट्रक गेला. ती परत लिंबाखाली येऊन बसली, बोचकं सोडलं, कोयता काढून बाजूला ठेवला. खाली फडक्यात वाटेसाठी बांधलेल्या भाकरी होत्या आन् वर ठेचा. तिनं आम्हाला जवळ बोलावलं, तालुक्याच्या पोरांनाही बोलावलं, आन् एकेक भाकरी मोडून सगळ्यांच्या हातावर चतकोर चतकोर ठेवली. आमचे हात मातीचे होते. आम्ही तसंच खाल्लं.