मेंढ्या किती?

बीडमधल्या माझ्या खानावळीत क्लासची पोरं जेवतात. त्यातली ही मेंढपाळाची पोर. माणसाच्या अंगात हाडं किती, हे विचारायच्या आत सांगते. भाकरी किती वाढू म्हटलं, तर मात्र “वाढा की” एवढंच.

परवा ती मेडिकलच्या प्रवेशाला पैशाची मदत करणाऱ्या एका संस्थेच्या कमिटीपुढं मुलाखतीला गेलती. आली ती भाकरी चिवडत बसली.

“काय बिनसलं गं?”

“काकू, घरी मेंढ्या किती, इचारलं. मी म्हनलं, हायत देवाच्या दयेनं. पुन्हा इचारलं, पुन्हा तेच म्हनलं. साहेब म्हनले, पोरगी लपवतीय.”

त्यांच्या घरात कळप मोजून आकडा तोंडातून काढत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. हे त्या साहेबाला कोण सांगणार?

“द्यायचा की ठोकून एखादा आकडा!”

“अन् एखादी मेली असती, तर आईला काय तोंड दावलं असतं?”

मी तिच्यापुढं वाटी सरकवली. आमटी गार झाली, तरी ती बसूनच.

“पन काकू, डॉक्टरला नाडी तर मोजावीच लागंल ना?”

तिनं आपल्याच मनगटावर बोटं ठेवली, आणि लगेच उचलली.