ट्रायलमध्ये न बसलेली पेशंट

"तुमचा नंबर लावला की एक माणूस टाइल्सचे भाव सांगतो," भुवड माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले. "शेवटी त्यानंच सांगितलं, काका, तुम्ही सरळ रत्नागिरीला जा."

तो माणूस म्हणजे माझ्या आधीचा कोऑर्डिनेटर. नोकरी सोडून त्यानं चिपळूणला दुकान टाकलं. आपल्या देशातल्या प्रत्येक क्लिनिकल ट्रायलची सरकारी वेबसाइटवर नोंद असते, आणि कुणाला भाग घ्यायचा असेल तर फोन कुणाला करायचा तेही तिथं असतं. आमच्या ट्रायलपुढे अजून त्याचाच नंबर होता. तो बदला म्हणून मी औषध कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला मेल करून थकले होते. उत्तर यायचं, 'नोटेड'.

मी मूळची नर्स. रत्नागिरीतल्या एका खाजगी मानसोपचार हॉस्पिटलमध्ये ट्रायलचं काम बघते. बाजारात यायच्या आधी नवं औषध नियमात बसणाऱ्या माणसांना देऊन बघतात, ती ट्रायल. आमची ट्रायल डिप्रेशनवरच्या औषधाची होती, आणि फक्त अशा पेशंटसाठी, ज्यांना आधीची दोन औषधं पूर्ण डोसमध्ये पुरेसे दिवस देऊनही फरक पडलेला नाही. पेशंट मिळत नव्हते. 'प्रयोग' हा शब्द ऐकला की नातेवाईक चपला घालायला लागायचे. मुंबईहून कंपनीचा मॅनेजर सकाळ-संध्याकाळ फोन करायचा, "सिस्टर, साइट बंद होईल हं." साइट म्हणजे आमच्या हॉस्पिटलमधलं ट्रायलचं केंद्र.

अशात हे भुवड स्वतःहून आले. केळशीचे. जन्म बोटीच्या इंजिनरूममध्ये गेलेला, आता रिटायर्ड. बायको सुमनताई बाकावर बसल्या होत्या. भिंतीकडे बघत होत्या, पण भिंत दिसत होती असं वाटत नव्हतं. पहाटेची एसटी पकडून, दापोलीला गाडी बदलून आले होते. विरारच्या मुलीनं फोनवर ट्रायल शोधून दिली होती.

"वर्ष झालं, सिस्टर. जेवण नाय, बोलणं नाय. अंगणात वाळत घातलेली कोकमं पावसानं भिजली तरी बघत बसते. दापोलीच्या डॉक्टरनं दोन औषधं केली. लागूच पडत नायत."

मी फाइल बघितली. दोन्ही औषधं, डोस वाढवत नेलेला, तारखा व्यवस्थित. आमच्या नियमात अगदी चपखल.

मग संमती. पेशंटला सगळं समजावून सांगायचं आणि त्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं, असा नियम. मी सांगितलं, की चालू गोळी तशीच राहील. तिच्या जोडीला कुणाला नवी गोळी मिळेल, कुणाला प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं ते मलाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

"आम्हाला खरी द्या," भुवड म्हणाले.

"काका, ते माझ्या हातात नाही."

"एवढ्या लांबून आलो आम्ही."

रेकॉर्डिंग चालू केलं. "सुमनताई, तुम्हाला भाग घ्यायचा आहे का?"

"घ्यायचा आहे," कॅमेऱ्यामागून भुवड.

"काका, आवाज त्यांचा हवा."

पुन्हा चालू केलं. सुमनताई म्हणाल्या, "ह्यांना वाटतं तर..." हेही चालत नाही. तिसऱ्यांदा "त्रास कधीपासून आहे?" विचारलं, तर भुवडांनी मागून महिना सांगितला. आमचे सर, म्हणजे हॉस्पिटलचे डॉक्टर आणि ट्रायलचे प्रमुख, स्वतः उठले आणि भुवडांना दारापर्यंत सोडून आले.

दार लागल्यावर सुमनताई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मला काही हवं असं वाटणंच बंद झालंय. ते परत वाटायला लागावं, एवढंच. त्यासाठी आले तर चालेल का?"

"चालेल," सर म्हणाले. सही त्यांनी स्वतः केली.

आता राहिलं होतं चालू गोळ्या बघणं. मी भुवडांना आत बोलावलं.

"गोळ्या मीच देतो," ते अभिमानानं म्हणाले. "एक दिवस चुकलेला नाय." पिशवीतून त्यांनी स्टीलची डबी काढली. आत सगळ्या गोळ्या अर्ध्या. कडा चुरलेल्या.

"ह्या अर्ध्या कशा?"

"अडकित्त्यानं करतो ना. बरोबर मधोमध."

"डॉक्टरांनी सांगितलं अर्धी द्यायला?"

"नाय. पण डोक्याच्या गोळ्या ह्या. आमच्या बोटीवरचा कुक झोपेच्या गोळ्या खायचा. नंतर त्याला त्याच्याशिवाय उभं राहता येईना. म्हटलं, हिला सवय नको लागायला. पहिल्या गोळीपासून अर्धीच दिली. डॉक्टर वाढवायचा, मी अर्ध्यावर ठेवायचो."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दोन औषधांतली दुसरी गोळी तर तोडायचीच नसते. ती दिवसभर सावकाश विरघळायला बनवलेली असते. दापोलीचे डॉक्टर वर्षभर डोस वाढवत होते, आणि पेशंटला औषध पुरेसं कधी मिळालंच नव्हतं.

"काका, मग औषध फेल गेलं असं कसं म्हणायचं? ते दिलंच कुठे तुम्ही?" माझा आवाज चढला होता.

"म्हणजे... आता पूर्ण देतो. पण तिला घ्या."

"घेता येणार नाही."

तेव्हा सुमनताई बोलल्या. नवऱ्याकडे बघून, अगदी हळू. "तुम्ही म्हणायचात, औषध लागू पडत नाही. मला वाटलं, मीच लागू पडत नाही औषधाला."

भुवडांनी डबीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

मी बाहेर येऊन मॅनेजरला फोन केला. स्क्रीन फेल्युअर, म्हणजे तपासणीत बाद.

"पण प्रिस्क्रिप्शनवर फुल डोस आहे ना?"

"आहे."

"मग? डबी कुणी बघितली?"

"मी बघितली."

"सिस्टर, जरा प्रॅक्टिकल व्हा. एकच पेशंट आहे तुमच्याकडे."

मी फोन सरांच्या हातात दिला. ट्रायल त्यांनाही हवी होती. तिच्यासाठी त्यांनी एक अख्खी खोली रिकामी करून दिली होती. त्यांनी मॅनेजरचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या ह्या बाईंना प्लासिबो मिळाली, तर आणखी काही महिने त्या अर्ध्या गोळीवर काढतील. आणि नवी मिळून बऱ्या झाल्या, तर तुम्ही जगाला सांगाल, हट्टी डिप्रेशन बरं केलं. दोन्ही खोटं. बाद लिहा." आणि फोन ठेवला.

सुमनताईंना सरांनी जुनंच औषध हळूहळू पूर्ण डोसवर नेलं. सवय लागणं म्हणजे काय आणि ह्या गोळीनं ती का लागत नाही, हे भुवडांना मी इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं. तरी त्यांचा फोन यायचाच. "सिस्टर, अख्खी देऊ ना? नक्की?" मी "नक्की" म्हणायचे आणि फोन ठेवून कपाळ दाबायचे.

फरक एकदम पडला नाही. आधी झोप सुधारली. मग एक दिवस फोनवर मागून आवाज आला, "अहो, किती वेळ बोलताय, भाजी करपली!" भुवड बोलता बोलता थांबले. "ओरडली," ते म्हणाले आणि फोन तसाच हातात धरून रडायला लागले.

पुढं आमची साइट बंद झाली. कारण दिलं, 'लो रिक्रूटमेंट', म्हणजे पेशंट कमी. रिकामी केलेली खोली आता स्टोअररूम आहे.

दुसऱ्या एका ट्रायलचं काम आता आलंय. त्यातही मुंबईहून फोन येतात, त्यातही पेशंट मिळत नाहीत. मी मात्र नव्या औषधाचं बोलायच्या आधी एकच चौकशी करते. जुनं औषध पोटात जातंय का, आणि किती.